वॉशिंग्टन नावाचं गाव

माझ्या आडनावात एक गाव आहे. मी ते अजून पाहिलेलं नाही. इंग्रजांतही असं असतं. ११८३ च्या एका दप्तरात नोंद आहे: विल्यम द हार्टबर्नने हार्टबर्न गाव देऊन डरहॅमच्या बिशपकडून वॉशिंग्टन गाव घेतलं. गाव बदललं, तसं आडनावही बदललं. त्याच घराण्यात पुढे जॉर्ज वॉशिंग्टन झाला. १७९९ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मळ्यांवर तीनशेहून जास्त गुलाम होते.

१८६५ मध्ये गुलामगिरी संपली. बुकर नावाचा मुलगा शाळेत गेला. हजेरीत सगळ्यांना आडनावं, यालाच नाही! त्याने बेधडक ‘वॉशिंग्टन’ सांगितलं. पुढे तो मोठा शिक्षणतज्ज्ञ झाला. २००० च्या अमेरिकी जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाचे सुमारे नव्वद टक्के लोक कृष्णवर्णीय निघाले. त्यांच्यातल्या बहुतेकांनीही ते गाव पाहिलेलं नसणार.