पुणतांबे-कोपरगाव टापूतील मतदारांचा कौल : लाट आणि निष्ठा

१

गोदातीरीचे पुणतांबे हे क्षेत्र चांगदेवांच्या समाधीमुळे आणि अहिल्याबाई होळकरांनी बांधविलेल्या घाटामुळे इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. हे गाव पूर्वी कोपरगाव तालुक्यात मोडत असे. सांप्रत ते अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात आहे. विधानसभेच्या कामी मात्र पुणतांबे महसूल मंडळ कोपरगाव मतदारसंघासच जोडलेले आहे. या टापूतील सनदा, महजर व वतनपत्रे यांचा संग्रह करणाऱ्यांस निवडणुकीचे कागद संग्राह्य वाटत नाहीत. प्रौढ मताधिकाराने झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक इ. स. १९५१-५२ ची. तिला सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हा हा विषय वर्तमानपत्री चर्चेतून काढून इतिहासाच्या कक्षेत आणणे आता प्राप्त आहे.

एखाद्या पक्षास प्रचंड मताधिक्य मिळाले की लोकांची निष्ठा पालटली, असा अर्थ सर्रास लावण्यात येतो. पुढील निवडणुकीत तेच लोक दुसरीकडे गेले की त्यांस चंचल म्हणण्यात येते. ही दोन्ही अनुमाने या एका टापूच्या दाखल्यांवर घासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

इ. स. १९५२ मध्ये मुंबई राज्याच्या विधानसभेतील ३१५ जागांपैकी २६९ काँग्रेसने जिंकल्या. पुणतांब्याच्या बाजूचा मुलूख त्या वेळी लोकसभेच्या अहमदनगर उत्तर या मतदारसंघात होता. तेथेही काँग्रेसच विजयी झाली. पुढे इ. स. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक राज्य अंमलात आले. मुंबईत व अन्यत्र गोळीबार होऊन माणसे मेली. इ. स. १९५७ ची निवडणूक या पार्श्वभूमीवर झाली.

तिचा निकाल सर्वश्रुत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक जागा समितीने घेतल्या. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडास अल्प मतांनी तरले. द्वैभाषिक विधानसभेत काँग्रेसला ३९६ पैकी २३४ जागा मिळून सत्ता राहिली, ती मुख्यत्वे गुजरात, विदर्भ व मराठवाडा यांच्या बळावर. नगर जिल्ह्यापुरते पाहता, अहमदनगरातून र. के. खाडिलकर आणि कोपरगावातून बापू चंद्रसेन कांबळे हे समितीच्या बाजूचे उमेदवार लोकसभेवर गेले.

यांतील दुसरा निकाल विशेष विचारणीय होय. कांबळे हे डॉ. आंबेडकरांचे सहकारी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार. कोपरगाव हा एकसदस्य मतदारसंघ होता आणि त्यातील मतदारांचा फार मोठा भाग कुणबी-मराठा शेतकऱ्यांचा. हे सारे एका वर्षात फेडरेशनचे अनुयायी झाले, असे कोण म्हणेल? मत पडले ते महाराष्ट्राच्या मागणीस. उमेदवार व पक्ष ही त्या मागणीची तात्पुरती मुद्रा होती.

याचा ताळा इ. स. १९६२ मध्ये मिळतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि मागणी पुरी झाली. लागलीच झालेल्या निवडणुकीत काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. कोपरगावातून काँग्रेसचे अण्णासाहेब शिंदे निवडून आले. ते पूर्वी डाव्या चळवळीतले. इकडे अहमदनगरचे खाडिलकरही काँग्रेसमध्ये जाऊन खेड मतदारसंघातून लोकसभेत परतले. पाच वर्षांच्या अंतराने दोन लाटा परस्परविरुद्ध दिशांनी गेल्या, आणि पुढारी व मतदार असे दोघेही पलीकडच्या तीरास लागले.

३

मग टिकून काय राहिले? आमच्या मते, पाणी, ऊस व पत यांभोवती बांधलेले संबंध टिकले. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या साह्याने उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना इ. स. १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्यानंतर या पट्ट्यात कारखाने, सोसायट्या व शिक्षणसंस्था यांचे जाळे विणले गेले. उसाची तोड, कर्जाची मंजुरी आणि मुलाचा शाळाप्रवेश ज्या घराण्याच्या शब्दावर होई, त्या घराण्याकडे मत जाई. घराणे पक्ष बदलील तर मतही बरेचसे मागोमाग जाई.

याचे ठळक उदाहरण बाळासाहेब विखे पाटलांचे. इ. स. १९७१ मध्ये ते काँग्रेसकडून कोपरगावातून प्रथम लोकसभेवर गेले. याच मतदारसंघाने त्यांस इ. स. १९९९ मध्ये शिवसेनेचे म्हणून व इ. स. २००४ मध्ये पुन्हा काँग्रेसचे म्हणून निवडले. विधानसभेतही हेच दिसते. काळे व कोल्हे या दोन घराण्यांतील लढत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली, मात्र प्रत्येक घराण्याच्या माथ्यावरील पक्षाचे नाव वेळोवेळी बदलत गेले.

४

जुन्या कागदांच्या अभ्यासकांस हा प्रकार अपरिचित नाही. इ. स. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि नगर प्रांत मोगलांकडे गेला, पुढे नगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आला, ऑगस्ट १८०३ मध्ये तो वेलस्लीने घेतला, इ. स. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजी अंमलाखाली गेला. प्रत्येक पालटात देशमुख-देशपांडे नव्या धन्याकडून वतनाची सनद करून घेत. राज्य पालटे, वतन राही. अशा वतनदारास केवळ बेइमान म्हणून त्याच्या कागदाचा अर्थ लागत नाही. त्याची निष्ठा वतनाशी होती हे ध्यानी घ्यावे लागते.

तथापि हे साम्य ताणू नये. वतनदार आपल्या घराण्याचे पाही. मतदारास विकावयास वा वारसास द्यावयास काही नसते. शिवाय इ. स. १९५७ मध्ये याच मतदारांनी जात व लाभ बाजूस सारून एका तत्त्वासाठी मत दिले. सबब मतदार हा सर्वस्वी घराण्याच्या दावणीस बांधलेला आहे, असे म्हणणेही पुराव्यास सोडून होईल.

५

परदेशचा एक दाखला येथे उपयोगी आहे. अमेरिकेत इ. स. १९७२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. परंतु त्याच दिवशी त्याच मतदारांनी कायदेमंडळाच्या दोन्ही सभागृहांत विरुद्ध पक्षाचे बहुमत कायम ठेवले. ऑगस्ट १९७४ मध्ये निक्सन यांस पद सोडावे लागले व इ. स. १९७६ मध्ये अध्यक्षपद डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले. मताधिक्याचा आकडा आणि पक्षावरील निष्ठा ही दोन निराळी मापे होत, हे तेथेही दिसून आले.

६

आता पुनश्च पुणतांब्याकडे येऊ. १ जून २०१७ रोजी येथून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध व भाजीपाला शहरांस पाठवावयाचा नाही, असा हा अपूर्व निर्धार होता. त्याच महिन्यात शासनाने ३४,०२२ कोटी रुपयांची कर्जमाफी जाहीर केली. ज्या गावाने राज्य हालविले त्याच्या मतदारसंघात पुढील कौल एकतर्फी लागेल, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात इ. स. २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे आशुतोष काळे आणि भारतीय जनता पक्षाच्या स्नेहलता कोल्हे या दोघांसही सुमारे ८७ हजारांच्या घरात मते पडून काळे अवघ्या ८२२ मतांनी विजयी झाले.

इ. स. २०२४ मध्ये त्याच काळ्यांचे मताधिक्य १ लाख २४ हजारांवर गेले. पाच वर्षांत एवढे परिवर्तन! परंतु ताळेबंद मांडून पाहावा. काळे आता अजित पवारांच्या राष्ट्रवादीत, म्हणजे भाजपच्या मित्रपक्षात होते. कोल्हे मैदानात नव्हते. काळ्यांस मिळालेली सुमारे १ लाख ६१ हजार मते इ. स. २०१९ च्या दोन प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित बेरजेहून कमीच भरतात. लाट म्हणून जी दिसली तीत मतांतराहून बेरजेचा वाटा मोठा असावा, असे अनुमान निघते. यापूर्वी सहा महिने शिर्डी लोकसभा मतदारसंघाने, ज्यात कोपरगाव येते, विरुद्ध आघाडीचे भाऊसाहेब वाकचौरे यांस निवडले होते, ही गोष्टही येथे नोंदली पाहिजे.

७

येणेप्रमाणे एकाच टापूत तीन जातींच्या लाटा आढळतात : इ. स. १९५७ ची तत्त्वाची, इ. स. १९६२ ची तत्त्व सिद्धीस गेल्यावर परतलेली, आणि इ. स. २०२४ ची मुख्यत्वे युतीच्या बेरजेची. निकालाच्या तक्त्यात तिन्ही सारख्याच दिसतात. त्यांतील भेद कळावयाचा तर अन्य साधने हवीत.

ती साधने झपाट्याने नष्ट होत आहेत. इ. स. १९५२ व १९५७ मध्ये प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि मतदार कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकी. अर्थात मतदाराच्या हातची खूण त्या कागदावर उरलीच नाही. म्हणून त्या काळची हस्तपत्रके, चिन्हांचे बिल्ले, सभांच्या जाहिराती, ‘मराठा’ पत्राचे अंक, सोसायट्यांची इतिवृत्ते व कार्यकर्त्यांच्या वह्या यांचे मोल अधिक. अलीकडच्या निवडणुकांचे केंद्रवार आकडे नमुना २० मध्ये मिळतात. तेही गावागावांतून उतरून ठेवावेत. ज्यांच्या माळ्यावर महजरांशेजारी अशी पत्रके पडली असतील त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पुणतांब्याच्या माणसाने कोणत्या वेळी काय मनात धरून मत दिले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार फारसा उरणार नाही.