माती आम्ही उपसली, परवाना कुणाच्या खिशात?

या देशातले रस्ते, धरणे, कालवे कुणी बांधले? सरकारी कोनशिलेवर मंत्र्याचे नाव असते, फाइलीत ठेकेदाराचे. माती उपसणाऱ्याचे नाव फक्त हजेरीपटावर, तेही अंगठ्याच्या ठशासमोर. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या दलित, वडार, आदिवासी बायाबापड्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले. कष्ट आमचे होते, पण टेप आणि मोजमाप पुस्तक दुसऱ्याच्या हातात होते. आमचे म्हणणे असे की जातीची लूट फक्त मंदिरात आणि पाणवठ्यावर झाली नाही, ती ब्रासच्या मापातही झाली.

हे सर्वात आधी ओळखले जोतीराव फुले यांनी. जोतीराव स्वतः ठेकेदार होते, ही गोष्ट आपल्या भाषणांत क्वचितच येते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीच्या कामांत खडकवासला धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल यांचा संबंध येतो. मजुराच्या घामातून कोण किती काढून घेतो, हे त्यांनी कामाच्या जागेवर पाहिले होते. म्हणूनच शेटजी-भटजींच्या बरोबरीने सरकारी खात्यातल्या कारकुनांवरही त्यांचा आसूड चालला.

29 ऑक्टोबर 1942 रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी ठेक्यांचाही मुद्दा होता. मध्यवर्ती सार्वजनिक बांधकाम खाते तेव्हा त्यांच्याच मजूर खात्याच्या अखत्यारीत होते, त्यामुळे ठेके कुणाकडे जातात हे त्यांना नेमके ठाऊक होते. 1943 मध्ये नोकऱ्यांत 8⅓ टक्के जागा मिळाल्या. त्या मागणीसाठी आपण पुढे पिढ्यान् पिढ्या लढलो. ठेक्यांची मागणी मात्र आपणच विसरलो.

आता अमेरिकेकडे पाहू. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तिथल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्यांना, म्हणून ही तुलना उपरी नाही. कॅलिफोर्नियात 1929 पासून ठेकेदारांना राज्याचा परवाना लागतो. मातीकाम आणि फरसबंदी-डांबरीकरणाचा वर्ग ‘सी-12’. चार वर्षांचा कुशल कामाचा अनुभव दाखवायचा, मग दोन पेपर: एक कायदा व व्यवसायाचा, दुसरा प्रत्यक्ष कामाचा. खोदाई, भराव, दाबाई, अंदाजपत्रक, सुरक्षितता हे सगळे त्यात येते. म्हणजे जो माती जाणतो त्याच्या ज्ञानाला कागदावर किंमत आहे.

पण परीक्षा पास झाली म्हणजे काम मिळते असे नाही. काळ्या ठेकेदारांना हे माहीत होते. त्यांच्या रेट्यामुळे 1977 मध्ये केंद्रीय निधीच्या स्थानिक बांधकामांत 10 टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी ठेवला गेला. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रिचमंड शहराची 30 टक्क्यांची तरतूद रद्द केली आणि 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने प्रस्ताव 209 मंजूर करून सरकारी ठेक्यांतले असे प्राधान्यच बंद केले. परवाना सर्वांना खुला राहिला, भांडवल आणि ओळखी मात्र जुन्याच हातांत राहिल्या. ‘गुणवत्ता’ हा शब्द तिथेही इथल्यासारखाच वापरला जातो.

आणि इथे? महाराष्ट्रात लहान कामांची वाटणी अनेक वर्षे 33:33:34 अशी चालली: सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार. या वाटणीत जातीचा रकानाच नाही. मजूर संस्थेच्या यादीत खरे मजूर किती आणि पुढाऱ्याचे नातेवाईक किती, हे तुम्ही आपल्या तालुक्यात तपासा. कर्नाटकाने 50 लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के वाटा कायद्याने दिला, पुढे ही मर्यादा एक कोटी केली. शेजारच्या राज्यात जे होते ते फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात का होत नाही?

मित्रांनो, मागणी रस्त्यावर करायचीच आहे, पण तयारी आजपासून करायला हवी. स्थापत्याची पदविका घेतलेली आपली शेकडो मुले फक्त भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसली आहेत. त्यांनी दरसूची वाचावी. खोदलेली माती फुगते, दाबल्यावर बसते, आणि पैसे कोणत्या मापाने मिळतात, हा हिशेब पक्का करावा. निविदेच्या अटी, अनामत, नोंदणीचे वर्ग समजून घ्यावेत. सुरक्षिततेचा धडा तर तोंडपाठ हवा, कारण आधार न दिलेल्या चरात आणि गटारात गाडली जाणारी माणसे बहुतेक वेळा आपलीच असतात.

फावडे आपल्या हातात शतकानुशतके आहे. आता टेप आणि मोजमाप पुस्तकही आपल्या हातात आले पाहिजे. आणि ज्या दिवशी ते येईल, त्या दिवशी आपल्या मजुराचे माप आपण चोरणार नाही, ही शपथही आजच घेऊ.

जय जोती! जय भीम!