पिंपरीची रोव्हर

2000 नंतरची दहा-बारा वर्षं वसई-विरारमधून रात्रीचं विमान गाठायचं, तर नाक्यावरच्या टूर्सवाल्याकडून बहुधा टाटांची इंडिकाच यायची. पांढरा रंग, पिवळी नंबरप्लेट, डिझेलची घरघर. पुढे एक, मागे तिघं, डिकीत मावेल तेवढं सामान आणि उरलेलं टपावरच्या कॅरियरला दोरीने बांधलेलं. घोडबंदरजवळचा वर्सोवा पूल मोकळा मिळाला की अर्धी चिंता मिटली. हीच गाडी 2003 ते 2005 या काळात इंग्लंडमध्ये नाकावर वायकिंग जहाजाचा बिल्ला मिरवत रोव्हर म्हणून विकली जात होती, हे तिच्यात दाटीवाटीने बसणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? तिथे तिचं नाव होतं सिटीरोव्हर.

रोव्हरचं घराणं मूळचं सायकलवाल्यांचं. कॉव्हेन्ट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 मध्ये ‘रोव्हर’ सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायंडल मधोमध आणि साखळीने फिरणारं मागचं चाक. आजची साधी सायकल तिच्याच वंशातली. 1904 मध्ये कंपनीची पहिली मोटार आली, 1948 मध्ये लँड रोव्हर. पण रोव्हरचा खरा लौकिक सभ्य, आरामशीर कौटुंबिक गाड्यांचा. डॉक्टर, वकील, बँकेचा मॅनेजर अशा गिऱ्हाइकांच्या दारात ती शोभायची.

दुसरं घराणं मॉरिसचं. ऑक्सफर्डजवळच्या काउलीत मॉरिसचा कारखाना होता. 1952 मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र आले आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन जन्मली. 1968 मध्ये तिचं लेलँडशी लग्न लागलं. लेलँडने त्याआधीच स्टँडर्ड-ट्रायम्फ आणि रोव्हर पदरात घेतल्या होत्या. अशा रीतीने ही सगळी बिऱ्हाडं ब्रिटिश लेलँड नावाच्या एकाच वाड्यात राहायला आली. वाडा सतत तोट्यात. 1986 मध्ये त्याला रोव्हर ग्रुप हे नाव पडलं.

या घराण्यांच्या जुन्या साच्यांवर आपल्याकडे मात्र संसार उभे राहिले. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेतून उत्तरपाड्याची अँबॅसिडर निघाली. विलायतेत ऑक्सफर्डचे नवे अवतार येत गेले आणि संपलेही. आपली अँबॅसिडर 1957 पासून 2014 पर्यंत जवळपास त्याच अंगलटीने चालली. ट्रायम्फ हेराल्डची मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड झाली. रोव्हरची एसडी-1 ही दिमाखदार गाडी तिकडे बंद होत असताना मद्रासला स्टँडर्ड 2000 म्हणून अवतरली. अंगावर रोव्हरचे कपडे, बॉनेटखाली जुनं इंजिन. तीन-चार वर्षांत कारभार आटोपला. साचा तिकडून यायचा आणि नाव इकडे ठेवलं जायचं, अशी ही रीत होती.

इंडिकाने ती मोडली. रतन टाटांनी आपल्या माणसांपुढे ठेवलेलं माप प्रसिद्ध आहे: आकार मारुती झेनचा, आतली जागा अँबॅसिडरची, किंमत मारुती 800च्या आसपास आणि चालवण्याचा खर्च डिझेलचा. म्हणजे ऐसपैसपणाची मोजपट्टी अजूनही त्या जुन्या मॉरिसचीच! बाह्यरूप इटलीतल्या तुरिनच्या आय.डी.ई.ए. या संस्थेने घडवलं. ऑस्ट्रेलियातला निसानचा बंद कारखाना टाटांनी विकत घेतला, त्याची यंत्रं सुटी करून पुण्याला आणली आणि जुळवली. डिसेंबर 1998 मध्ये गाडी बाजारात आली. सुरुवातीला तक्रारी पुष्कळ होत्या. त्या निस्तरून 2001 मध्ये ‘व्ही-टू’ आणली आणि मग टूर्सवाल्यांनी तिला उचलून धरलं.

इकडे इंडिकाचा जम बसत असताना तिकडे रोव्हर कडेलोटाला आली होती. 1980च्या दशकात होंडाच्या भागीदारीने तिला तारलं होतं. रोव्हर 200 आणि 800 या गाड्यांमागे होंडाचीच कारागिरी होती. 1994 मध्ये बीएमडब्ल्यूने कंपनी घेतली, तोटा पेलवेना म्हणून 2000 मध्ये लँड रोव्हर फोर्डला विकली आणि मोटारींचा धंदा बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज कारखान्यासह फिनिक्स नावाच्या मंडळींना अवघ्या दहा पाउंडांत देऊन टाकला. रोव्हर हे नाव मात्र बीएमडब्ल्यूने स्वतःकडेच ठेवलं आणि फक्त वापरायला दिलं. मेट्रोच्या वंशातली रोव्हर 100 ही छोटी गाडी 1997च्या टक्कर-चाचणीत नापास झाल्यासारखीच होती. ती लगेचच बंद पडली. नवी छोटी गाडी घडवायला गाठीशी पैसा नव्हता. तेव्हा फिनिक्सच्या हाती आलेल्या, आता एमजी रोव्हर म्हणवणाऱ्या कंपनीने टाटांच्या पिंपरी कारखान्याचं दार ठोठावलं.

इंडिकाची पुढची जाळी बदलली, बंपर बदलले, सस्पेन्शन जरा खाली आणि कडक केलं, स्टिअरिंगमध्ये फेरफार केले. वसईकरांच्या ओळखीचं डिझेल गेलं नाही. तिकडे गेलं 1.4 लिटरचं पेट्रोल इंजिन. किंमत सुमारे साडेसहा हजार पाउंडांपासून पुढे. घोडं इथेच अडलं. 2003 मध्येच आलेली नवी फियाट पांडा तेवढ्याच पैशांत कितीतरी ताजी वाटत होती. ‘टॉप गिअर’ या टीव्ही कार्यक्रमाला कंपनीने चाचणीसाठी गाडी नाकारली, तेव्हा त्याचा एक सूत्रधार जेम्स मे छुपा कॅमेरा लावून गिऱ्हाईक म्हणून शोरूममध्ये गेला आणि टीव्हीवर तिची पार सालं काढली. एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हरच बुडाली आणि सिटीरोव्हरचा प्रवासही संपला.

माझ्या मते दोष गाडीपेक्षा हिशेबाचा होता. कमी पैशांत मोठं कुटुंब वाहून न्यायला केलेली गाडी प्रतिष्ठेचं नाव लावून, प्रतिष्ठेच्या दराने विकायला काढली. वसई-विरारच्या गिऱ्हाइकाने तिला बिल्ला पाहून कधी बसायला घेतलंच नव्हतं. भाडं परवडतं का आणि सामान मावतं का, एवढंच त्याने पाहिलं. तिथे ती पास झाली.

घराण्याची वाटणी मग मजेशीर झाली. एमजी हे नाव आणि कारखान्याचा बराच भाग चिनी कंपन्यांकडे गेला. आज एमजीच्या गाड्या गुजरातेत हलोलला बनतात आणि मुंबईकडे येताना खानिवड्याचा टोलनाका ओलांडतात. रोव्हर हे नाव 2006 मध्ये फोर्डने बीएमडब्ल्यूकडून विकत घेतलं आणि 2008 मध्ये जग्वार, लँड रोव्हरबरोबर टाटांच्या हवाली केलं. ज्या नावासाठी टाटांनी आपली गाडी दिली, ते नाव आता त्यांच्याच मालकीचं आहे. इंडिका 2018 मध्ये बंद झाली. रोव्हर नावाने एकही नवी मोटार टाटांनी अजून काढलेली नाही, आणि सिटीरोव्हरचा अनुभव पाहता त्यात नवल नाही.