भंगारातील सायकल झाली शेतीचे अवजार

वाशीम : आषाढसरींनंतर उघडीप मिळाली, की वाशीम जिल्ह्यातील काळ्या जमिनीत सोयाबीनबरोबर तणही जोमाने वर येते. पेरणीनंतरच्या साधारण १५ ते ४५ दिवसांत त्याचा बंदोबस्त झाला नाही, तर उत्पादनात मोठी घट येते. ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, अशा अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी हे दिवस कसोटीचे असतात. त्यांच्या मदतीला आली आहे ती निकामी झालेली जुनी सायकल.

अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या वाशीम जिल्ह्याची शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन हे येथील खरिपाचे मुख्य पीक. त्याच्या दोन ओळींतील तण काढण्यासाठी बैलांचे डवरे वापरले जाते. राज्याच्या अन्य भागांत यालाच कोळपे म्हणतात. मात्र वर्षभर बैलजोडी पोसणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही. भाड्याची जोडी सर्वांना एकाच वेळी हवी असते. कारण वापसा आला की साऱ्या शिवारात एकदम डवरणी सुरू होते. आपली पाळी येण्यापूर्वीच पुन्हा पाऊस आला, तर तण पिकाच्या वर जाते.

असे तयार होते डवरे

जुन्या सायकलीचे पॅडल, साखळी, आसन व मागचे चाक काढले जाते. पुढचे चाक तेवढे कायम ठेवतात. हँडल डावी-उजवीकडे वळू नये म्हणून चिमटा सांगाड्याला वेल्डिंगने पक्का केला जातो आणि हँडलची उंची ढकलणाऱ्याच्या कमरेशी जुळवून घेतली जाते. चाकाच्या मागे लोखंडी पट्टी लावून तिला पास, म्हणजे तण कापणारे आडवे पाते, बसवितात. पट्टीला दोन-तीन छिद्रे ठेवल्यास नटबोल्ट बदलून पासेची खोली कमी-जास्त करता येते. सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असते. त्यामुळे रोपांना धक्का लागू नये म्हणून पास त्याहून बरीच अरुंद ठेवावी लागते. पास फार उभी बसली तर जमिनीत रुतते, फार सपाट बसली तर वरून घसरते. हा कोन साधणे हेच खरे कौशल्य. हंगामापूर्वी गावातील लोहाराकडून ती पाजवून घेतली, की अवजार तयार!

एका कामाची वस्तू दुसऱ्या कामी लावण्याची ही रीत नवी नाही. हिरवळ कापण्याचे यंत्र इंग्लंडमध्ये १८३० मध्ये एडविन बडिंग यांनी तयार केले, ते कापडगिरणीतील लव कातरण्याच्या यंत्रावरून. जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांना ओझे लादलेली सायकल ढकलत नेणारा माणूस पाहून डवऱ्याची कल्पना सुचली. त्यांच्या 'कृषिराजा' या अवजाराची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानेही नोंद घेतली.

मर्यादाही ध्यानात हव्यात

सायकल डवऱ्याने डवरणी वरवरच होते. ओल्या चिकण मातीत चाकाला चिखल चिकटतो, तर वाळून टणक झालेल्या जमिनीत पास शिरत नाही. खोल मुळांचे जुने तण त्याला आवरत नाही आणि रोपांच्या अगदी बुंध्याजवळचे तण खुरप्यानेच काढावे लागते. म्हणून तण कोवळे असतानाच ते चालविणे हिताचे. सोयाबीन फुलोऱ्यावर आल्यावर मात्र डवरणी थांबवावी.

मोठ्या क्षेत्रावर बैलजोडी किंवा ट्रॅक्टरची जागा हे अवजार घेऊ शकत नाही. परंतु एक-दोन एकरांच्या धन्याला त्याने मोलाची गोष्ट दिली आहे. वापसा आला त्याच सकाळी, कोणाच्या जोडीची वाट न पाहता, घरातील एकटे माणूसही आता शेतात डवरणीला उतरू शकते. डवरणीने वरचा थर भुसभुशीत होतो, भेगा बुजतात आणि जमिनीतील ओल टिकून राहते. पावसाने ओढ दिली, तर हीच ओल पिकाला तारते.