अमुक, तमुक आणि कोरा रकाना

वेबसाइट तयार करायला शिकणारी मुले पहिल्या महिन्यात जे प्रश्न विचारतात, ते जवळजवळ ठरलेले असतात. टेम्प्लेट म्हणजे नेमके काय? पान सरळ लिहून टाकले तर काय बिघडते? मी नाव दिले होते, मग पानावर ती जागा कोरी का? फॉर्म भरून बटण दाबले की तो परत माझ्याच पुढ्यात का येतो? बरीच वर्षे मी रत्नागिरीत हा विषय शिकवतो आणि राहतो खाडीपलीकडे, भाट्यात. या प्रश्नांची तांत्रिक उत्तरे पुस्तकांत मिळतात. त्यांचे मूळ मात्र मला आपल्या जुन्या दप्तरांत सापडत गेले. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

टेम्प्लेट हा शब्द नवा, वस्तू फार जुनी. आपल्याकडे तिला नमुना म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीत कर्जाचा दस्त कसा लिहावा याचे नियम आहेत. ऋणकोने शेवटी स्वतःच्या हाताने काय लिहायचे, साक्षीदाराने काय लिहायचे, लेखकाने काय लिहायचे, हे सारे तिथे ठरवून दिले आहे. आणि जिथे माणसाचे नाव यायचे तिथे स्मृतिकार ‘अमुक’ हा शब्द घालतो. अमुकाचा पुत्र अमुक. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातला हा ‘अमुक’ आणि आज संगणकाच्या टेम्प्लेटमध्ये दुहेरी महिरपी कंसांत लिहिले जाणारे नाव यांचे काम एकच: इथे खरा माणूस आला की मी बाजूला होईन. गुजरातेत पुढे ‘लेखपद्धति’ नावाचा पत्रांच्या व दस्तांच्या नमुन्यांचा संग्रहच झाला. तो १९२५ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला. आपल्याकडे हेमाद्रीच्या नावावर ‘मेस्तक’ आहे. कोणाला कोणता मायना लिहावा हे कारकुनाला पाठ असावे लागे. मजकूर बदलायचा, मायना ठरलेला. मुलांना मी हेच सांगतो की टेम्प्लेट म्हणजे मायना.

संगणकाच्या जगात ही गोष्ट कशी आली, तेही थोडक्यात पाहू. आरंभीचे वेब फक्त वाचण्यासाठी होते. १९९३च्या सुमारास पानावर रिकामे चौकोन आले, त्यांत वाचकाला काही लिहून पाठवता येऊ लागले आणि सगळेच बदलले. रासमुस लेर्डोर्फ याने १९९५ मध्ये लोकांपुढे ठेवलेल्या पीएचपीच्या सुरुवातीच्या आवृत्तीच्या नावातच ‘फॉर्म्स इंटरप्रिटर’ हे शब्द होते. फॉर्म वाचणारा दुभाषी! पण त्या काळच्या पद्धतीत पानाची सजावट आणि हिशेबाचे काम एकाच कागदावर गिचमिड होऊन बसे. ती गाठ सोडवणाऱ्या साधनांपैकी एक, जँगो, जन्मले एका वर्तमानपत्रात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे छोटे शहर आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या दैनिकाच्या वेब विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे २००३ मध्ये काम करत होते. बातमी आली की काही तासांत पान हवे, हा वर्तमानपत्री धाक. म्हणून त्यांनी सजावटकाराचा कागद वेगळा आणि प्रोग्रामरचे काम वेगळे अशी व्यवस्था केली. जुलै २००५ मध्ये ती सर्वांना मोफत खुली झाली. नाव दिले गिटारवादक जँगो राइनहार्टचे. तुमच्या हातातल्या पुरवणीचे मथळ्याचे नाव दर आठवड्याला तेच असते, खालचा मजकूर बदलतो. जँगोत एका मूळ टेम्प्लेटवरून बाकीची पाने याच रीतीने बेतलेली असतात.

हे सांगून झाले की मुले मान डोलावतात, पण चेहरे कोरेच असतात. मग मी सातबारा काढतो.

कोकणात सातबारा ठाऊक नाही असे घर नाही, पण हे नाव कशावरून आले ते पुष्कळांना सांगता येत नाही. महसूल खात्याच्या गाव पातळीवरच्या नमुन्यांना एक ते एकवीस असे क्रमांक आहेत. गाव नमुना एक म्हणजे आकारबंद. सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाची आणि तिच्यावर हक्क कोणाकोणाचे. बारा म्हणजे पिकांची नोंद. सात वर, बारा खाली, एकाच कागदावर, म्हणून सातबारा. अँडरसन नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याच्या पुस्तिकेने ही व्यवस्था पक्की बसवली आणि महसुलातली जुनी माणसे अजून ‘अँडरसन मॅन्युअल’चा हवाला देतात. सरकारने या कागदाला नमुना हाच शब्द वापरला, हे मला फार योग्य वाटते. छापील रेघा आणि रकान्यांचे मथळे म्हणजे टेम्प्लेट. तलाठ्याने शाईने भरलेले ते माणसांचे.

रकाने कोणते ठेवायचे, हे मात्र कोणीतरी ठरवलेले असते. एकोणिसाव्या शतकातल्या पाहणीच्या कागदांत सरकारला मुख्यत्वे एका प्रश्नाचे उत्तर हवे होते: सारा कोण भरणार? ज्याने भरायचा त्याचे नाव. बाकीच्यांना रकाना नव्हता. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये खोत होता. १८८०च्या खोती कायद्यानंतर कुळांची आणि त्यांनी खोताला काय द्यायचे याची नोंद होऊ लागली. त्या दप्तराला बोटखत म्हणत. सर्व हक्कांची नोंद करण्यासाठी मुंबई इलाख्यात स्वतंत्र कायदा झाला १९०३ मध्ये. १९१३ मध्ये तो जमीन महसुलाच्या मूळ कायद्यात घातला गेला. इतर हक्कांना कायद्याचे घर मिळाले ते असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

आणि मग कुळकायदा. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन. कसेल त्याची जमीन व्हायची होती, पण कसतो कोण हे कागदाने सांगायचे होते. गाव नमुना बारामध्ये जमीन करणाऱ्याच्या नावाचा रकाना होता. ज्याचे नाव त्यात होते, त्याच्या हाती पुरावा होता. ज्याचे नव्हते, त्याला साक्षीदार शोधत मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आयुष्यभर नांगर धरलेला माणूस, आणि रकान्यात खाडाखोड नाही की प्रश्नचिन्ह नाही. नुसते दुसऱ्याचे नाव.

इथे मुलांचा तिसरा प्रश्न येतो. जँगोच्या टेम्प्लेटमध्ये तुम्ही एखादे नाव मागितले आणि ते पुरवलेच गेले नाही, तर संगणक तक्रार करत नाही. एरवी अर्धविरामावरून आकांडतांडव करणारे हे यंत्र तिथे गपचूप कोरी जागा सोडते. नवशिक्यांना हे विलक्षण छळते. चूक दाखवली तर दुरुस्त करता येईल. कोऱ्या जागेला काय विचारायचे? हे जाणूनबुजून केले आहे. पानावरचा एखादा तुकडा नाही म्हणून वाचकासमोर सगळे पान कोसळू नये, हा हेतू. हेतू चांगला आहे. पण पानाकडे बघून कोण राहिले आहे हे कळत नाही, आणि सातबाऱ्याकडे बघूनही कळत नाही.

कोकणातल्या घरांना याचा अनुभव मोठा. आजोबा वारले, मुले मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. गणपतीला यायचे, कलमांना पाणी घालायला कोणाला तरी सांगायचे आणि परत जायचे. वारस नोंद राहून जायची. किंवा थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागायचे आणि पुढे तीन अक्षरे: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे हा एकटा नव्हे, याच्या पाठीमागे आणखी माणसे आहेत. कोण ते विचारू नका. पाठचे भाऊ, विधवा भावजया, लग्न होऊन गेलेल्या बहिणी सगळ्या त्या तीन अक्षरांत. हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्ये मुलीला आणि विधवेला पहिल्या वर्गातले वारस मानले, २००५च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद केले. कायदा पुढे गेला. उताऱ्यावर ए.कु.मॅ. तसेच राहिले आणि कित्येक घरांत थोरल्याच्या मुलांनी पुढे ती तीन अक्षरे वाचलीच नाहीत.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने सरावासाठी वारसांचा फॉर्म करायला घेतला होता. तिचा प्रश्न नवशिक्यांच्या ठरलेल्या प्रश्नांपैकीच: ‘‘सर, फॉर्ममध्ये नावाचा चौकोन एकच आहे. माझ्याकडे नावे सात आहेत. स्वल्पविराम देऊन एकातच लिहू का?’’ वर्गात हशा झाला. मी हसलो नाही, कारण ए.कु.मॅ. म्हणजे दुसरे काय होते? अनेक माणसांना एका चौकोनात बसवण्याचीच ती सोय. जँगोत यासाठी फॉर्मसेट नावाची व्यवस्था आहे. एकाच छोट्या फॉर्मच्या हव्या तितक्या प्रती एकाखाली एक येतात, प्रत्येक माणसाला स्वतःची ओळ मिळते, स्वतःचा हिस्सा लिहायला जागा मिळते. तिने ती शिकून घेतली. सातातल्या चार आत्या होत्या, हे तिने नंतर सांगितले. त्यांतल्या दोघींची नावे तिला घरी विचारावी लागली होती.

फॉर्म परत का येतो, या प्रश्नाचे उत्तरही महसुलात आहे. उतारा पाहणे वेगळे, त्यात बदल मागणे वेगळे. वेबवर पाहण्याची विनंती एका रीतीची असते आणि बदलाची दुसऱ्या. बदलाच्या फॉर्मसोबत संगणक एक गुप्त खूण देतो. ती परत आली नाही तर अर्ज दारातच अडवला जातो. जँगोचा नवशिका पहिल्या आठवड्यात इथे हमखास अडकतो. दुसऱ्याच कोणी तुमच्या नावाने अर्ज सरकवू नये म्हणून ही खूण. त्यानंतर प्रत्येक रकान्याची तपासणी होते आणि काही चुकले असेल तर भरलेला मजकूर तसाच ठेवून, चुकीवर बोट ठेवून फॉर्म परत येतो. गाव नमुना सहाचे काम असेच चालते. हक्क मिळाला की तो कळवायचा, तलाठ्याने फेरफाराच्या वहीत नोंद धरायची, चावडीवर आणि हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला मुदत द्यायची, मग मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर करायची. तेव्हा कुठे नमुना सातमध्ये नाव चढते. सावकाश चालणारे हे काम लोकांना फार कंटाळवाणे वाटते. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने, म्हणजे १९६६च्या कायद्याने, अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची असे ठरवले आहे. एवढे वजन असलेल्या रकान्यात घाईने काही पडू नये, हे मला तरी पटते.

एक गंमत सांगतो. महसुली बोलीत नाव कमी झाले की ‘नावाला कंस केला’ म्हणतात; हाताच्या उताऱ्यावर खरोखरच नावाभोवती कंस काढला जाई. टेम्प्लेटमधले कंस नावाची वाट पाहतात, उताऱ्यातला कंस नावाला निरोप देतो.

आता हा नमुनाही वेबवर आला आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बारा भरण्यासाठी शेतकऱ्याच्या हातात मोबाइल आला. भाट्यासारख्या किनाऱ्याच्या गावात, जिथे १९५५ पासून नारळाचे संशोधन केंद्र आहे, माणसे बागेत उभी राहून फोटो काढतात आणि रेंज कुठे येते ते शोधतात. नारळाखाली जायफळ, बाजूला केळी, एका ठिकाणी काय काय लिहायचे हा प्रश्न कोकणातल्या बागायतदाराला पडतोच. ठरवणारा रकाने ठरवून मोकळा होतो. भरणाऱ्याच्या बागेत जे उभे असते ते त्या रकान्यांत मावतेच असे नाही.

रकाने बदलताना मात्र दिसतात, हेही सांगितले पाहिजे. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती चळवळीनंतर राज्य सरकारने १९९२ मध्ये पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट काढली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचे. वर्गात तो दिवस मजेचा गेला. मुलांनी आधी केलेल्या सगळ्या फॉर्ममध्ये तीन चौकोन होते. आता चार हवे होते, आणि जुन्या नोंदींत आईच्या चौकोनात काय भरायचे यावर तासभर वाद झाला. एकाने सुचवले, कोरा ठेवू. त्या मुलीने, सात नावेवाल्या, विरोध केला.

तिच्या घरच्या कागदाचे काय झाले, असे कोणी विचारील. वारस नोंदीसारखे अर्ज आता ‘ई-हक्क’ नावाच्या प्रणालीतून घरबसल्या करता येतात. अर्जाचा प्रकार निवडायचा असतो. त्या यादीत वारस नोंद आहे, मयताचे नाव कमी करणे आहे, आणि ए.कु.मॅ. नोंद कमी करणे हाही एक स्वतंत्र पर्याय आहे. तिने तो निवडला. नोटिसा सातही जणांना निघाल्या. एका आत्याचा पत्ता डोंबिवलीचा होता. ती बऱ्याच वर्षांनी गावी आली आणि अर्जावरचे आपले नाव तिने दोनदा वाचले.