पाहणं फुकट, बाकी सगळं विकत

नायगाऱ्याच्या कॅनडाकडच्या काठावर, अगदी कठड्याला टेकून उभं राहायला कुणी पैसे मागत नाही. गाडी लावण्याचे मागतात, नावेचे मागतात, धबधब्यामागच्या भुयारात उतरण्याचे मागतात, कॉफीचे तर मागतातच. ही वाटणी आपोआप झालेली नाही. १८८५ पासून एक सरकारी मंडळ ती सांभाळत आलं आहे. त्याचं आजचं नाव ‘नायगारा पार्क्स कमिशन’.

मंडळ का लागलं, हे त्याआधीच्या नायगाऱ्याकडे पाहिलं की कळतं. १८२७ साली तिथल्या हॉटेलवाल्यांनी गर्दी खेचण्यासाठी ‘मिशिगन’ नावाचं जुनं जहाज प्राणी भरून धबधब्यावरून सोडून दिलं. त्यातली अस्वलं शहाणी निघाली. वाटेतच उड्या टाकून काठाला लागली. पुढच्या काही दशकांत काठालगतच्या पट्टीत हॉटेलं, तंबू, वस्तुसंग्रहालयं आणि फोटोवाले यांची दाटी झाली. या पट्टीला ‘द फ्रंट’ म्हणत. घोडागाडीवाले दलालीपोटी ठरलेल्या दुकानातच नेत. ‘फुकट दाखवतो’ म्हणून प्रवाशाला मेणकापडाचा कोट चढवून खाली नेत आणि वर आल्यावर कोटाचं भाडं दमदाटीने वसूल करत. तीर्थक्षेत्री पंड्यांच्या तावडीत सापडलेल्या माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको.

यावर उपाय हवा, असं १८७८ मध्ये जाहीरपणे म्हणणारा माणूस आपल्या इतिहासातही भेटतो. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनी दोन्ही देशांनी मिळून इथे सार्वजनिक उद्यान करावं, अशी सूचना केली. ती कायद्यात उतरली तेव्हा डफरिन हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले होते. मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेच हे १८८५ साल.

अमेरिकेच्या बाजूला चित्रकार फ्रेडरिक चर्च आणि उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्यासारख्यांनी चळवळ चालवली होती. तिला यश येऊन १५ जुलै १८८५ रोजी तिथला काठ सर्वांना मोकळा झाला. कॅनडात ओंटारिओ प्रांताने मार्चमध्येच कायदा करून तीन जणांचं मंडळ नेमलं होतं. अध्यक्ष होते कॅसिमिर झॉव्स्की. पोलंडमधल्या उठावानंतर परागंदा झालेल्या या अभियंत्याने नायगारा नदीवर रेल्वेचा पूलही बांधला होता.

सरकारने मंडळाला अधिकार दिले, पण तिजोरी उघडली नाही. उद्यानाने आपला खर्च आपण भागवावा, ही अट पहिल्यापासून होती. मंडळाने रोखे काढून काठावरच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि दुकानं हटवली. २४ मे १८८८ रोजी, राणीच्या वाढदिवशी, क्वीन व्हिक्टोरिया पार्क खुलं झालं. कठडा फुकट ठेवायचा आणि पगारही द्यायचे, हा पेच त्याच दिवशी सुरू झाला.

तो सुटला तोही थोडा विचित्र पद्धतीने. आधी काठाने धावणाऱ्या विजेच्या रेल्वेला परवाना देऊन भाडं मिळालं. मग वीजकंपन्या आल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उद्यानाच्या हद्दीत तीन वीजकेंद्रं उभी राहिली आणि त्यांची भाडी हा मंडळाचा मोठा आधार ठरला. सृष्टिसौंदर्य राखण्यासाठी जन्मलेली संस्था धबधब्याचं पाणी वळवण्याच्या परवानग्यांवर जगत होती! याला मी ढोंग म्हणणार नाही. त्याच पैशातून नदीकाठचा सगळा पट्टा हळूहळू मंडळाकडे आला आणि ईरी सरोवरापासून ओंटारिओ सरोवरापर्यंतचा ५६ किलोमीटरचा काठरस्ता १९३१ पर्यंत पुरा झाला. पण पाणी घटत होतं, हेही तितकंच खरं.

त्याला मर्यादा घातली १९५० च्या अमेरिका-कॅनडा कराराने. पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला निदान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून गेलंच पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं चालेल. म्हणजे रात्री प्रेक्षक झोपले की पाणी वीज करायला जातं. पाणी कमी असूनही पडदा अखंड दिसावा म्हणून घोड्याच्या नालेसारख्या मुख्य धबधब्याच्या कडाही खोदून-भरून सारख्या केल्या. पूर्वी सरासरी वर्षाला मीटरभर मागे सरकणारा हा कडा आता फार हळू झिजतो. निसर्गाचा चमत्कार म्हणून आपण जो पाहतो, त्याचा नळ माणसाच्या हातात आहे.

हटवलेला बाजार मात्र मेला नाही. मंडळाची हद्द संपते तिथून शहरातल्या क्लिफ्टन हिलचा चढ सुरू होतो आणि तिथे मेणाचे पुतळे, भुताची घरं, झगमगाट, सगळं काही आहे. मधुचंद्राचं गाव म्हणून नायगारा फॉल्स शहर नावारूपाला आलं. १९९६ मध्ये तिथे कॅसिनोही आला. खाली बाग, वर जत्रा. मला ही फाळणी आवडते, कारण जत्रेलाही जागा लागतेच.

बाग राखायला माळी हवेत, म्हणून १९३६ मध्ये मंडळाने स्वतःचं उद्यानविद्येचं विद्यालय काढलं. मुलं तिथे शिकता शिकता वनस्पती उद्यानाची निगा राखतात. धबधब्यावर पैसा खर्चणारे पुष्कळ भेटतील, त्याच्या बागेसाठी शाळा काढणारे विरळा.

कसरतींना मंडळाची बंदी आहे. १९०१ मध्ये ॲनी टेलर ही शिक्षिका पिंपात बसून धबधब्यावरून खाली गेली आणि जगली. त्या वेडाची लागण पुढे अनेकांना झाली. २०१२ मध्ये मात्र निक वॉलेंडाला दोरीवरून धबधबा ओलांडायची खास परवानगी मिळाली. तो अमेरिकेतून निघून कॅनडात उतरला, तेव्हा अधिकाऱ्यांनी रीतसर पासपोर्ट तपासला. अमेरिकेचाच व्हिसा असलेल्या आपल्या अनेक आईबाबांना रेनबो ब्रिज ओलांडता येत नाही, म्हणून त्यांच्या फोटोंत मुख्य धबधबा कडेने, तिरकाच दिसतो. समोरून तो कॅनडातूनच दिसतो.

मंडळाच्या कारभारावर ठपकाही आला. १८४६ पासूनची ‘मेड ऑफ द मिस्ट’ ही नावेची फेरी. तिचा करार निविदा न काढताच वाढवल्यावरून वाद पेटला. शेवटी २०१२ मध्ये खुल्या निविदेतून दुसऱ्या कंपनीला काम मिळालं आणि मंडळाचं उत्पन्न पुष्कळ वाढलं. जुनी नाव आता फक्त अमेरिकेच्या काठावरून सुटते.

स्वतःच्या कमाईवर जगण्याची किंमत २०२० मध्ये कळली. सीमा बंद, नावा बांधलेल्या, धबधबा मात्र चालू. त्यातून बाहेर पडताना मंडळाने बंद पडलेलं १९०५ चं एक वीजकेंद्र २०२१ मध्ये प्रेक्षकांसाठी उघडलं. जुन्या चक्रांमधून निघालेलं पाणी नदीत सोडणारं ६७० मीटरचं भुयार पुढच्या वर्षी खुलं झालं. वीज तिथे आता होत नाही. भुयाराला तिकीट आहे, कठडा अजून फुकट.