खड्ग आणि मंत्र : एका संकरित पात्रवर्गाचा इतिहास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या तीन नियमपुस्तिका १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाल्या. टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि संवाद करून एक अद्भुतकथा सामूहिकपणे रचण्याचा हा खेळ. त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते : योद्धा, मंत्रविद आणि धर्मोपासक. योद्ध्याला सर्व शस्त्रे व चिलखते खुली होती. मंत्रविदाला चिलखत वर्ज्य आणि शस्त्र म्हणून केवळ खंजीर. धर्मोपासक या दोहोंच्या मधला होता. परंतु त्याला धारदार शस्त्र निषिद्ध होते आणि त्याचे मंत्र प्रामुख्याने रक्षणाचे व उपचाराचे होते. संहारक मंत्र आणि खड्ग एका हाती येऊ द्यायचे नाहीत, हा या संहितेचा मूलभूत संकेत होय. त्याला अपवाद करू पाहणाऱ्या पात्राकडून कोणती किंमत घ्यावी, हा प्रश्न पुढील चार दशके या वाङ्मयप्रकाराच्या नियमरचनेला छळत राहिला.

ही विभागणी अद्भुतकथेच्या परंपरेतून आलेली नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. मायकेल मूरकॉकचा एल्रिक हा मांत्रिकही आहे आणि खड्गधारीही. टॉल्कीनचा गॅन्डाल्फ दंडाबरोबर तलवारही बाळगतो. महाभारताच्या वाचकाला तर ‘अस्त्र’ या एकाच शब्दात शस्त्र आणि मंत्र एकत्र भेटतात. विभागणीचा उगम शोधायचा तो युद्धखेळात. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या ‘चेनमेल’ (१९७१) या नियमपुस्तिकेच्या अद्भुतविषयक पुरवणीत मांत्रिकाच्या अग्निगोलकाचे क्षेत्र मोठ्या गोफणयंत्राच्या माऱ्याइतके मानले होते. म्हणजे मांत्रिक हा मुळात तोफखाना होता, आणि तोफखान्याला पायदळाचे संरक्षण लागते. सैन्यातील ही श्रमविभागणी कथेत उतरली तेव्हा ती पात्राच्या स्वभावाची व्याख्या बनली. तिचे एक रचनात्मक प्रयोजनही होते : प्रत्येक पात्र अपुरे असल्यामुळे खेळाडूंना परस्परांची गरज भासत असे. स्वयंपूर्ण पात्र हे या सामूहिक कथनालाच बाधक ठरले असते.

पहिला अपवाद एल्फ या मानवेतर जातीला मिळाला. १९७४ च्या नियमानुसार एल्फ एका साहसात योद्धा, तर दुसऱ्यात मंत्रविद होऊ शकत असे; मात्र योद्धा म्हणून त्याची प्रगती चौथ्या पातळीवर आणि मंत्रविद म्हणून आठव्या पातळीवर खुंटे. १९७८ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये दोन्ही वर्ग एकाच वेळी चालवण्याची पद्धत सविस्तर मांडली गेली. मिळालेले अनुभवगुण दोन्ही वर्गांत समान वाटायचे; एका वर्गातील प्रगती कायमची थांबली तरी त्याचा वाटा वजा होतच राहायचा. एल्फ योद्ध्याची कमाल मर्यादा आता सातवी पातळी होती. मानवाला अशी मर्यादा नव्हती. परंतु त्याला दोन वर्ग एकत्र चालवण्याची मुभाही नव्हती. एक वर्ग सोडूनच तो दुसरा स्वीकारू शकत असे.

‘संकर’ या शब्दाला आपल्याकडे वर्णव्यवस्थेचा जो वास आहे, तो येथे अगदीच अप्रस्तुत नाही. मिश्रण मानवेतरांनी करावे आणि त्याबद्दल त्यांचे भवितव्य तोकडे असावे, अशी ही व्यवस्था होती. खेळाचे विश्व मानवकेंद्रीच असावे, अशी भूमिका गायगॅक्सने १९७९ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये उघडपणे मांडली आहे. परंतु नियम म्हणूनही ही मर्यादा सदोष होती. ती वर्षानुवर्षे चालणाऱ्या खेळातच बोचे. काही महिन्यांत संपणाऱ्या कथेत एल्फाला लाभ मिळे आणि किंमत चुकवण्याची वेळ येतच नसे.

अनुभवाची वाटणीही दिसते तितकी कठोर नव्हती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचे कोष्टक पाहावे. ४०,००० अनुभवगुणांवर शुद्ध योद्धा सहाव्या पातळीवर असतो आणि शुद्ध मंत्रविदही सहाव्या. हेच गुण विभागून प्रत्येकी २०,००० मिळवणारा संकरित नायक दोन्ही वर्गांत पाचव्या पातळीवर पोचतो. या टप्प्यापर्यंत पुढच्या पातळीची किंमत दर वेळी दुप्पट होत असल्यामुळे ‘अर्धा’ वाटा म्हणजे प्रत्यक्षात केवळ एका पातळीचा तोटा. त्याचे जीवनगुण सरासरीने मोजले जात आणि एल्फांचे खास साखळीचिलखत वगळता चिलखतात मंत्र चालत नसे, हे खरे. तरीही सौदा त्याच्याच बाजूचा होता.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने जातिनिहाय मर्यादा रद्द केल्या, सर्व वर्गांना एकच अनुभवकोष्टक दिले आणि पातळ्यांची बेरीज मान्य केली. प्रवेश सर्वांना खुला झाला. मात्र पारडे नेमके उलटे झुकले. योद्ध्याच्या पाच आणि मंत्रविदाच्या पाच पातळ्या मिळून दहाव्या पातळीचे पात्र होई. त्याचा आक्रमणांक ७, तर शुद्ध योद्ध्याचा १०. त्याचे मंत्र तिसऱ्या श्रेणीचे, तर शुद्ध मंत्रविदाचे पाचव्या. साखळीचिलखतात मंत्र फसण्याची शक्यता ३० टक्के. समोर उभे राहणारे शत्रू मात्र पूर्ण दहाव्या पातळीचे. नव्या श्रेणीचा मंत्र हा जुन्या मंत्रांची बेरीज करून मिळत नाही, हे या बेरजेने विचारात घेतले नव्हते. २००३ मधील ‘एल्ड्रिच नाइट’ हा विशेष वर्ग या चुकीची दुरुस्ती होती.

खरी अडचण सामर्थ्याइतकीच काळाची होती. दोन्ही विद्या अवगत असल्या तरी एका पाळीत वार किंवा मंत्र यांपैकी एकच शक्य. म्हणून संकरित नायक प्रत्येक क्षणी दोन अपुऱ्या नायकांपैकी एकच असे. २००६ च्या ‘डस्कब्लेड’ने मंत्र खड्गातून वाहून नेला. ‘पाथफाइंडर’मधील ‘मॅगस’ने (२०११) एका हाती शस्त्र आणि दुसरा हात मंत्रासाठी मोकळा ठेवून दोन्ही कृती एका पाळीत बसवल्या; मोबदल्यात वाराची अचूकता घटली आणि मंत्र सहाव्या श्रेणीपुरते राहिले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ‘एल्ड्रिच नाइट’ हा योद्ध्याचाच उपप्रकार झाला. चिलखताचा अडसर गेला. मंत्रांची मजल मात्र नवव्याऐवजी चौथ्या श्रेणीपर्यंत.

या इतिहासात किंमत मोजण्याचे एकक क्रमाने आखडत गेलेले दिसते : आधी पात्राचे आयुष्य, मग पातळी, शेवटी एक पाळी. लढाईच्या प्रत्येक क्षणी प्रत्येक खेळाडूला समान वाव मिळावा, ही अपेक्षा निश्चितच अधिक न्याय्य आहे. मात्र तिच्यामुळे एक अर्थ हरवला. जुन्या एल्फाची मर्यादा अन्यायकारक होती. तरी दोन विद्यांच्या मागे लागलेल्याला एकीचेही शिखर गाठता येत नाही, ही शोकात्म जाणीव तिच्यात होती. ‘मॅगस’ला ती शिवत नाही. तो दोन वर्गांचा संकर राहिलेला नाही. त्याला स्वतःचे कोष्टक आणि स्वतःची सीमा असलेला तो एक नवा शुद्ध वर्ग आहे. १९७४ च्या संहितेने आखलेली रेषा पुसली गेली नाही. तिच्या शेजारी आणखी एक रेषा काढली गेली.